गंजाखालचा आकडा

"हात कोणी लावायचा नाही. बघा, बोला, सल्ले द्या. हात फक्त माझा."

उषाने हे दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा भूषणची बोटं रिव्हॉल्व्हरपासून वीतभरच लांब होती. तिने त्यांवर जुन्या टूथब्रशने टपली दिली. भूषण चाळिशी ओलांडलेला, जळगावात ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवणारा माणूस. पण बहिणीपुढे त्याने मुकाट्याने हात मागे घेतला आणि पँटला पुसला.

असोद्याच्या मळ्यात, केळीच्या बागेला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडखाली बाज टाकली होती. बाजेवर गोधडी, गोधडीवर वर्तमानपत्र आणि वर्तमानपत्रावर त्यांच्या वडिलांचं, आबांचं, रिव्हॉल्व्हर. पलीकडे प्रेमराजने कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या काड्या पेटवून त्यावर वांगी टाकली होती आणि तो लांब लाकडाने ती उलटीपालटी करत होता. थंडीतला रविवार, भरिताचा बेत, सगळी भावंडं एकत्र. हे सगळं थोरला म्हणून त्यानेच ठरवलं होतं. येताना रिव्हॉल्व्हर घेऊन ये, असं उषाला फोनवर सांगणाराही तोच. कारण त्याच्या हिशेबाने ते संध्याकाळी परत धुळ्याला जाणार नव्हतं.

आबांनी मागच्या एका निवडणुकीच्या वेळी नियमाप्रमाणे ते पोलीस ठाण्यात जमा केलं होतं. मग त्यांनी अंथरूण धरलं, ते उठलेच नाहीत, आणि रिव्हॉल्व्हर तिथेच राहिलं. ते गेल्यावर परवाना कोणाच्या नावावर करायचा याची चर्चा बरेच महिने चालली. प्रेमराजची नजर मधुमेहाने अधू झालेली. भूषणवर क्रिकेटच्या सामन्यातल्या मारामारीची केस. उरली उषा. धुळ्याच्या कॉलेजात आयुष्यभर पी.टी. शिकवलेली, एनसीसीच्या मुलींना रायफल चालवायला शिकवलेली, निवृत्त होतानाही खांद्यावर मेजरचं चिन्ह असलेली. तेव्हा भूषणने हिरिरीने तिची बाजू घेतली होती. भावापेक्षा बहीण बरी, असा त्याचा साधा विचार. प्रेमराजनेही सही दिली, कारण परवाना नावाला उषाचा आणि वस्तू असोद्याला, असं त्याने मनाशी धरलं होतं. उषाने तसं कधीच म्हटलेलं नव्हतं.

आता मंगळवारी धुळ्यात पडताळणी होती. परवान्यावरचा नंबर आणि रिव्हॉल्व्हरवरचा नंबर अधिकाऱ्यासमोर जुळवून दाखवायचा. अडचण अशी होती की रिव्हॉल्व्हरवर नंबरच दिसत नव्हता. दिसत होता तो गंज, विटेच्या रंगाचा, जागोजागी पापुद्रे धरलेला.

"कोकमध्ये बुडव, अक्का," भूषण म्हणाला. "मी व्हिडिओ बघितलाय. एक रात्र ठेवायचं, सकाळी चांदी."

"आणि दुपारी परत गंज. ॲसिड असतं त्यात."

"मग पॉलिश पेपर. दुकानात आहे माझ्या. मारला की चकाचक, मग वरून निकेलचा मुलामा. जळगावात एक जण करतो. लग्नात कमरेला लावलं की—"

"कमरेला कोण लावणार आहे?" मोनालीने विचारलं. भूषणची बायको, ताटात कांद्याची पात चिरत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"सहज म्हणतोय."

"पॉलिश पेपरने गंज जाईल, आणि नंबरही जाईल," उषा म्हणाली. "नंबर घासलेलं हत्यार सापडलं तर थेट आत. तू नाही, मी."

तिने धुळ्याला दोन दिवस ते तेलात बुडवून ठेवलं होतं. आता ती केरोसीनमध्ये कापूस भिजवून एकेक जागा ओली करत होती, थोडं थांबत होती, मग पितळेच्या मऊ ब्रशने गोलगोल घासत होती आणि सुटलेला लाल चिखल चिंधीने टिपून घेत होती. पुन्हा तेल, पुन्हा ब्रश. एनसीसीत मुली कंटाळायच्या तेव्हा ती त्यांना म्हणायची, गंजाशी भांडायचं नसतं, त्याला कंटाळा आणायचा असतो. हे वाक्य तिने आता भूषणला ऐकवलं. भूषणलाच आधी कंटाळा आला.

बाजेच्या पायथ्याशी भिकुबाई खुर्चीत बसली होती. आबांची बायको, या तिघांची माय. शिरपूरकडून लग्न होऊन आली त्याला पासष्टेक वर्षं झाली असतील, पण बोली तिने तिकडचीच ठेवली होती. ब्रशकडे बघत ती म्हणाली, "तुमना आबा त्याले हातच लावत नव्हतात. दसराले हळदकुंकू वाहेत, अन परत पेटीमा."

"तेल?" उषाने विचारलं.

"कसानं तेल. कधीच नही."

उषाला हे नवीन होतं. लहानपणी तिने आबांना याच शेडखाली रिव्हॉल्व्हरला तेल लावताना पाहिलं होतं. चक्री फिरवून ते तिच्या कानाशी धरायचे, आणि ती घड्याळासारखी टकटक करायची. तो माणूस तेल लावायचं का थांबला असेल? पण ब्रश चालू होता, विचार मागे पडला.

वांगी भाजून झाली. प्रेमराज हात झटकत आला आणि बाजेच्या कडेला टेकला. "निघतंय का?"

"निघतंय, भाऊ. खड्डे राहतील. मूळचा निळा रंग आता येत नाही."

"नाही आला तरी चालेल. देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवू. मी कुलूप बदलून घेतलंय."

उषाचा हात थांबला. हे येणार, हे तिला बसस्टँडवर उतरल्यापासून माहीत होतं.

"भाऊ, ज्याच्या नावावर परवाना त्याच्याच ताब्यात ठेवावं लागतं. ते धुळ्याला राहील."

"कायद्याचं मला सांगू नको. आपल्या घरातली वस्तू आहे."

"मी कोणाच्या घरातली आहे?"

प्रेमराजने हातावरची राख पुन्हा झटकली. भूषण मात्र लगेच बोलला. "अक्का, भाऊचं बरोबर आहे. कागद तुझ्याकडे, वस्तू इथे. कोण येतंय बघायला? आणि धुळ्याला जिजाजींना झुरळाची भीती वाटते, ते रिव्हॉल्व्हर सांभाळणार?"

"सांभाळणार मी आहे. आणि परवाना करताना तूच म्हणाला होतास ना, अक्का, तूच योग्य?"

"ते भाऊच्या तुलनेत म्हणालो होतो."

प्रेमराज हसला. हसू नये असं ठरवूनही हसला. त्यामुळे भांडण जितकं पेटायला हवं होतं तितकं पेटलं नाही.

मोनालीला वाटलं, आपण बोलावं. तिला ते रिव्हॉल्व्हर असोद्यात नको होतं, कारण असोद्यात म्हणजे आठवड्याभरात भूषणच्या मोबाइलच्या फोटोत. धुळ्याला, अक्कांच्या कपाटात, तेच बरं. ती म्हणाली, "अक्का नेऊ देत. त्यांना त्यातलं कळतं."

"तुला कोणी विचारलं?" भूषण म्हणाला.

"कोणीच नाही. म्हणून तर सांगितलं."

एवढ्यात टक् असा आवाज झाला. उषाच्या अंगठ्याखाली चक्री हलली होती. तिने ती अलगद बाहेर काढली, सहाही घरं उजेडाकडे धरून रिकामी असल्याची खात्री केली आणि आवाज न करता श्वास सोडला. आता नळीखालच्या सांगाड्याची पट्टी मोकळी झाली होती. नंबर तिथेच असतो. तिने भिंग काढलं, टूथब्रश तेलात बुडवला आणि सगळ्यांना उजेडातून बाजूला व्हायला सांगितलं.

आकडे एकेक करून वर आले. इंग्रजी आकडे, बारीक, विलायती ठशाचे. चार. एक. सात. सहा. भूषण परवान्याचं पुस्तक हातात धरून मोठ्याने जुळवत होता.

"चार बरोबर. एक बरोबर. सात, सहा बरोबर. शेवटचा तीन."

 उषाने कापसाने ती जागा पुसली, पुन्हा भिंग लावलं. मग भिंग प्रेमराजकडे दिलं, मग त्याची नजर आठवून परत घेतलं आणि भूषणकडे दिलं.

"हा आठ आहे," भूषण म्हणाला.

"आठच आहे."

"गंजाने तीनचा आठ झाला असेल."

"गंज खातो रे. लिहीत नाही."

 केळीची फाटकी पानं वाऱ्याने सळसळत राहिली. मग भूषण हळूच म्हणाला, "अक्का, डावीकडची बाजू जरा घासली, अगदी नखाएवढी, तर आठाचा तीन सहज होतो."

"भूषण, मघाशी काय सांगितलं मी?"

"म्हणजे मंगळवारी तू दुसऱ्याचं रिव्हॉल्व्हर घेऊन त्यांच्यासमोर जाणार?"

दुसऱ्याचं, हा शब्द त्याच्या तोंडून निघाला आणि प्रेमराजने भिकुबाईकडे पाहिलं. कारण आठ आकडा कोणाचा, हे त्याला ठाऊक होतं. त्यालाच काय, भिकुबाईलाही होतं. ती खुर्चीत पुढे झुकली होती.

आबांच्या वडिलांनी एका दुकानातून, एका दिवशी, दोन मुलांसाठी दोन रिव्हॉल्व्हरं घेतली होती. तेव्हा कापसाच्या गाड्या रात्रीच्या चालायच्या आणि रस्ते बरे नव्हते. थोरल्या वनाला, म्हणजे आबांना, तीन नंबरचं, धाकट्या पुनाला आठ नंबरचं. दोन्ही दिसायला एकसारखी. दसऱ्याला दोन्ही एकाच पाटावर शेजारी शेजारी मांडली जायची. शेवटची मांडली गेली त्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक होऊन आठवडा झाला होता. पुना उभा होता, आणि वनाने भावाला सोडून दुसऱ्याचा प्रचार केला होता. पुना पडला. पूजेच्या पाटावरूनच बोलाचाली सुरू झाली, शब्दाने शब्द वाढला, दोघांनी आपापलं रिव्हॉल्व्हर उचललं, कमरेला खोचलं, एक आत गेला, एक बाहेर. धाकटा बाहेर गेला तो भडगावलाच, बायकोच्या माहेरच्या गिरणाकाठच्या जमिनीवर. वीस वर्षांत त्या घरचा पाय या घराला लागला नाही.

"त्या दसऱ्याला रागाच्या भरात अदलाबदल झाली," उषा म्हणाली. "आपलं नानांकडे आहे."

पुना म्हणजे या मुलांचा नाना. लहानपणी याच नानाच्या खांद्यावर बसून उषाने बैलपोळा पाहिला होता.

"तर मग फोन करू," ती म्हणाली. "आत्ता. खरं काय ते सांगू. त्यांचा परवाना आठचा, माझा तीनचा. ज्याचं त्याच्याकडे गेलं की दोन्ही नियमात बसतं."

"भडगावला फोन जाणार नाही." प्रेमराज उठून उभा राहिला. "नंबर जुळत नाही म्हणून सरकारजमा झालं तरी चालेल. वितळवू दे त्यांना. पण आपण पहिले हात पसरायचे नाहीत."

"भाऊ, मघाशी घरातली वस्तू होती. आता वितळली तरी चालेल?"

"तुला नाही कळणार ते."

"भाऊचं बरोबर आहे," भूषणने सवयीने म्हटलं. मग त्याला ते स्वतःलाच पटलं नाही. "म्हणजे, भावना बरोबर आहे. पण भाऊ, आपलं तीन नंबरचं तिकडे आहे. आबांचं खरं ते. ते सोडून द्यायचं?"

"नंबर तरी आहे का कोणाकडे त्यांचा?" प्रेमराजने विचारलं. त्याला उत्तर नकोच होतं.

मोनालीने विळी आडवी केली. सात वर्षं जे सांभाळलं ते आता सांगावं लागणार होतं. तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "माझ्याकडे आहे."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"त्यांची सून रेशमा. ती पहूरची, मीही पहूरची. एका बाकावर बसायचो शाळेत. लग्न ठरल्यावर कळलं की दोघी एकाच भाऊबंदकीत चाललोय, आणि घरांचं बोलणं नाही. आम्ही काय करणार? बोलत राहिलो."

"कधी?" भूषणने विचारलं.

"रोज."

"माझ्यासमोर?"

"तुमच्यासमोर. फोनमध्ये 'शिंपीण' म्हणून नाव आहे."

भूषणच्या चेहऱ्यावर एक मोठा उलगडा होत गेला. "मी म्हणायचो, ब्लाउजबद्दल एवढं काय बोलायचं असतं."

भिकुबाई हसली, नुसती खांद्यांनी. प्रेमराज मात्र पाठ फिरवून विझत आलेल्या काड्यांकडे निघून गेला.

तिथे उभा राहून तो वांग्यांची साल काढू लागला. बोटं भाजत होती, तरी थांबला नाही. त्याला आबांना अग्नी दिला तो दिवस आठवत होता. स्मशानात लोकांच्या मागे, लिंबाखाली, नाना एकटे उभे होते. भडगावहून आलेले, तोंडावर धूळ. प्रेमराजने त्यांना पाहिलं होतं. मडकं खांद्यावर होतं, फेऱ्या चालू होत्या. झाल्यावर जाऊ, असं त्याला वाटलं. झाल्यावर त्याने पाहिलं तर लिंबाखाली कोणी नव्हतं. घरी त्याने हे कोणाला सांगितलं नाही. नंतर ते राग म्हणूनच सांभाळायला सोपं गेलं.

उषा त्याच्या शेजारी येऊन बसली. तिच्या नखांत लाल गंज होता. तिनेही एक वांगं घेतलं.

"भाऊ, मी मंगळवारी जाऊन खरं सांगितलं तर प्रश्न नानांवरही येईल. म्हाताऱ्या माणसाला ठाण्यात बोलावतील. तुला ते चालेल का?"

प्रेमराज वांग्याचं देठ धरून बसला. मग म्हणाला, "मोनालीला म्हणावं, लाव फोन. पण मी बोलणार नाही."

"नको बोलू."

मोनालीचा फोन उचलला गेला तो पहिल्याच घंटीला. तिने सगळं एका दमात सांगितलं. पलीकडे रेशमाने काहीतरी विचारलं, मग फोन बाजूला गेला, मग लांबून एक खोकला ऐकू आला. मोनाली ऐकत राहिली आणि फोन ठेवून म्हणाली, "निघतायत. रेशमा गाडी काढतेय. नानांनी एवढंच विचारलं की जेवणं झाली का तुमची."

जेवणं झाली नव्हती. भरीत ठेचून झालं, पुऱ्या तळून झाल्या, पण कोणी पानं मांडायचं नाव काढलं नाही. प्रेमराजने दोन वेळा रस्त्याकडे जाऊन पाटाचं पाणी पाहिलं. पाटाला त्या दिवशी पाणी नव्हतंच. उषा बाजेवर बसून आठ नंबर घासत राहिली. आता ते आपलं नाही हे कळल्यावर हात आवरता घ्यावा, असं तिला वाटलं होतं. उलट तिने चापाभोवतीचा कोपरा धरला, जिथे गंज सगळ्यात जुना होता.

उन्हं कलायच्या आधी छोटी पांढरी गाडी बांधाशी थांबली. रेशमा चालवत होती. शेजारच्या दारातून नाना उतरले आणि प्रेमराजच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. तीच उंची. उजवा खांदा थोडा खाली ठेवून चालायची तीच ढब. आबा बागेतून येत आहेत, असं क्षणभर सगळ्यांनाच वाटलं असावं, कारण भिकुबाईने न कळत डोक्यावरचा पदर सारखा केला.

नाना शेडबाहेरच उभे राहिले. "वहिनी, बरी शे ना?"

"मी बरी शे. वीस वरीस लागनात का तुले येवाले?"

"कोणी बलावंच नही."

"आज तरी कोणी बलावं? रिव्हॉल्व्हरनं बलावं."

 नानांनी बंडीच्या आतून एक पिवळं फडकं काढलं, आत येऊन बाजेवर ठेवलं आणि उलगडलं. उषाने वाकून पाहिलं आणि तिच्यातल्या मेजरने नळीपासून मुठीपर्यंत नजर फिरवली. निळसर काळी नळी, आरशासारखी नाही, पाण्यासारखी. मुठीचं लाकूड तेल पिऊन गडद झालेलं. परवानगी म्हणून तिने नानांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. तिने चक्री उघडली, रिकामी असल्याचं बघितलं, बंद केली, फिरवली. टकटकटक. लहानपणी कानाशी ऐकलेला आवाज. तिने भिंग न लावताच शेवटचा आकडा वाचला.

"तीन."

"तुम्हाला माहीत होतं," प्रेमराज म्हणाला. आपण बोलणार नव्हतो हे तो विसरला होता.

"पहिलाच वरीसले दखं," नाना म्हणाले. मग त्याच्याकडे वळून, शहरी माणसाशी बोलावं तसं, त्यांना परक्या वाटणाऱ्या मराठीत बोलले. "नंबर पाहिला. म्हटलं, त्यालाही कळंलच. तो येईल बदलायला. मग बोलणं होईल. भाऊची वस्तू आपल्याकडे आहे, तिला गंज लागू द्यायचा नाही. दर अमावस्येला तेल लावलं. तो काही आला नाही."

"अन तू?" भिकुबाईने विचारलं. "तूही त नही उना."

"मी धाकला शे ना, वहिनी. थोरलानी पहिले यावानं."

तेवढ्यात नानांची नजर बाजेवरच्या दुसऱ्या रिव्हॉल्व्हरकडे गेली. त्यांनी डोळे बारीक केले. जवळ गेले. उषाने अर्धवट घासलेली नळी, खड्डे पडलेला सांगाडा, मुठीच्या लाकडाला गेलेली भेग.

"हाई मनं शे?"

"हो नाना," उषा म्हणाली. "आठ नंबर."

"मी त्यानं लोणीनागत ठेवं," नाना म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला, "अन त्यानी मनं हाई करं?"

"आबा आजारी होते," प्रेमराजचाही आवाज चढला. "ठाण्यात पडून होतं ते."

"अन ठाण्याच्या आधी? हा गंज दोन-चार वर्षांचा नाही. मला शिकवतो का?"

"तुम्हाला एवढी काळजी होती तर यायचं होतं ना घ्यायला. स्मशानात आलात तसे."

बोलून गेल्यावर प्रेमराज थांबला. नानाही थांबले. रेशमा आणि मोनाली एकमेकींच्या शेजारी उभ्या होत्या, दोघींनी एकमेकींचा हात धरला.

"पाहिलं होतं तू," नाना म्हणाले.

"पाहिलं होतं. खांद्यावर मडकं होतं, नाना. नंतर शोधलं. तुम्ही नव्हते."

नाना खाली बाजेवर बसले. बाज करकरली. त्यांनी गंजलेल्या रिव्हॉल्व्हरकडे पाहिलं, हात न लावता, आणि त्यांना हसू आलं, खोकल्यासारखं. "बठ्ठं खराब करी टाकं रे भाऊ," ते म्हणाले. सगळं खराब केलं, हे प्रेमराजला होतं की त्याच्या बापाला, कोणी विचारलं नाही.

मग पानं मांडली. भरीत गार झालं होतं. भूषणने ते परत तव्यावर गरम केलं, वरून मिरचीची फोडणी दिली, आणि मुलामा देणाऱ्या जळगावच्या माणसाचं नाव नानांना सांगायला लागला. नानांनी त्याला पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुझ्यावर केस आहे ती जिंकली का हरली? भूषणने त्यांच्या पानात आणखी एक पुरी वाढली.

निघायची वेळ झाली तेव्हा प्रेमराजने पिवळ्या फडक्यातलं तीन नंबर उचललं नाही, फक्त फडक्याची टोकं नीट जुळवली आणि ते बाजेवरून उषाच्या बाजूला सरकवलं. "मंगळवारी वेळेवर जा," तो म्हणाला. "आणि धुळ्याला कपाट लोखंडी आहे ना?"

"लोखंडी आहे, भाऊ."

नानांनी आपलं आठ नंबर घेतलं. एका बाजूला नळी उजळली होती, दुसरी बाजू अजून विटेसारखीच होती. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"अर्धंच झालंय, पोरी."

"पुरं करून दिलं असतं, नाना. पण तुमचं आहे, मला ठेवून घेता येणार नाही. परवानेवाला माणूस समोर बसलेला पाहिजे."

"मग बसतो की. पुढच्या रविवारी घेऊन येतो."

"इथे?" प्रेमराजने विचारलं.

"हिला धुळ्याहून असोदा जवळ, मला भडगावहून असोदा जवळ. भरीत तू करशील."

धुळ्याहून भडगाव असोद्यापेक्षा जवळ पडतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.  प्रेमराजने उषाकडे पाहिलं. "राहिलेल्याला किती दिवस लागतील?"

उषाने आठ नंबरवर नजर फिरवली. तेल मुरलं होतं, पापुद्रे सुटत आले होते. एक दुपार पुरली असती. नोकरीच्या सगळ्या वर्षांत तिने हत्यार तपासून कधी चुकीचं सांगितलं नव्हतं.

"खोल गेलाय गंज," ती म्हणाली. "होळीपर्यंत तरी वेळ जाईल."

"घाई नको करू," भिकुबाई खुर्चीतून म्हणाली. "बठ्ठा गंज एकदम काढू नही."

प्रेमराज गाडीपर्यंत गेला आणि नानांसाठी दार उघडून उभा राहिला. "होळीपर्यंत कशाला," तो म्हणाला, "आंबे उतरेपर्यंत चालू दे."

नाना मान हलवत आत बसले, आणि रेशमाने गाडी सुरू केली.